गळा बदलला, ढोलकी चढवा

गायिका गेली की फड संपला, असं म्हणणाऱ्यांशी आज भांडायचं आहे.

निमित्त मुंबईचं. २०२६च्या जानेवारीत लिंकिन पार्क हा अमेरिकेचा रॉक बँड महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गाऊन गेला. त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन जुलै २०१७ मध्ये गेला. त्यानंतर सात वर्षं बँड जवळजवळ गप्प होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो परतला, तेव्हा माईकपुढे एमिली आर्मस्ट्राँग उभी होती. त्या दिवसापासून जगभर दोन तट पडले. एक म्हणतो, चेस्टर नाही तर बँडचं नाव लावायचा तुम्हाला हक्क काय? दुसरा म्हणतो, गाऊ द्या की तिला. हा बँड ऐकणारी पोरं वडूजमध्येही आहेत आणि त्यांच्यातही हेच दोन तट आहेत.

पोरांनो, हे भांडण तुमच्या आज्याच्याही आधीचं आहे. आपल्या पारावर ते शंभर वर्षं चालू आहे. फक्त तिथं गिटारच्या जागी ढोलकी आहे.

पठ्ठे बापूराव घ्या. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६चा. शिकायला होते औंधला, म्हणजे आमच्याच खटाव तालुक्यात. कुलकर्णीपण सोडून ते फडात शिरले आणि त्यांच्या लावणीला पवळाचा गळा मिळाला. ही जोडी महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. पुढं पवळा फड सोडून गेली आणि बापूरावांचा बहर ओसरला. १९४५ साली ते गेले, तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. ‘गळा गेला की फड गेला’ म्हणणाऱ्यांचा हा सगळ्यात मोठा पुरावा. तो मी नाकारत नाही. पण त्यातून निघतं एवढंच, की एका माणसानं एकाच गळ्यासाठी लिहिलं आणि त्या गळ्यावाचून त्याचं अडलं. सगळ्या फडांचं तसंच होतं, हे त्यातून निघत नाही.

आता दुसरा पुरावा. कांताबाई सातारकर. नावातच सातारा आहे, कारण त्या वाढल्या इथं. तुकाराम खेडकरांच्या फडात त्या उभ्या राहिल्या आणि पुढं त्यांच्याशी संसार मांडला. १९६४ साली तुकाराम खेडकर गेले. फडाचा मालक गेला, मुख्य कलावंत गेला, पदरात लहान मुलं. तमाशात अशा बाईपुढं दोनच वाटा असतात असं लोक धरून चालतात, घरी बसणं किंवा दुसऱ्याच्या फडात मुकाट नाचणं. कांताबाईंनी काही वर्षं दुसऱ्यांच्या फडात काम केलं आणि मग स्वतःचा फड उभा केला. गायल्या, नाचल्या, वगात पुरुषांच्या भूमिका केल्या. मुलगा रघुवीर मोठा झाला, तो सोंगाड्या म्हणून गाजला आणि त्याचं नाव फडाच्या बोर्डावर आलं. मे २०२१ मध्ये करोनानं कांताबाई गेल्या. फड बंद पडला नाही.

हे कसं जमतं? फडात काम करणाऱ्याला विचारा, तो आधी ढोलकीबद्दल बोलेल.

ढोलकीची शाईची पुडी गाणाऱ्याच्या पट्टीला लावलेली असते. नवी गायिका आली आणि तिची पट्टी वर असली, तर ढोलकी चढवावी लागते. खाली असली, तर उतरवावी लागते. तुणतुण्याची एकच तार, तिची खुंटी पिळावी लागते. खरा प्रश्न येतो झीलकऱ्यांचा. मुख्य गायिकेनं ओळ सोडली की तिचं टोक पकडून वरच्या सुरात धरायचं, हे त्यांचं काम. वीस वर्षं एका बाईच्या मागं उभं राहिलेल्या झीलकऱ्याला ती श्वास कुठं घेते हे पाठ असतं. नव्या पोरीचा श्वास दुसऱ्या जागी तुटतो. पहिले महिना-दोन महिने झील आधी तरी पडते, नाहीतर उशिरा तरी. जाणता झीलकरी या काळात पोरीला टाकून बोलत नाही. तो तिच्या तोंडाकडं बघत गातो आणि स्वतःची सवय मोडतो.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. फडानं गळ्याला लागायचं असतं. नव्या गळ्यानं जुन्या ढोलकीला लागायला गेलं, की तो फाटतो.

लिंकिन पार्कनं हेच केलं. एमिलीच्या आवाजाला बसाव्यात म्हणून जुन्या काही गाण्यांच्या पट्ट्या बदलल्या आणि तिला घेऊन सगळी नवी गाणी केली, नोव्हेंबर २०२४ मध्ये अल्बम काढला. ऑस्ट्रेलियाच्या एसी/डीसी बँडनं हे कितीतरी आधीच केलं होतं. त्यांचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला. ब्रायन जॉन्सनला घेऊन त्यांनी त्याच जुलैमध्ये ‘बॅक इन ब्लॅक’ काढला. गेलेल्या माणसाच्या दुखवट्यासाठी वरचं पान पूर्ण काळं, आत मात्र नव्या माणसाचा आवाज, त्याच्या गळ्यातून आलेली गाणी. जगात सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमांत तो मोजला जातो. आपल्या दिल्लीचा इंडियन ओशन घ्या. अशीम चक्रवर्ती तबला वाजवत गात असे. २००९ च्या डिसेंबरमध्ये तो गेला. एक माणूस दोन कामं करत होता, म्हणून बँडनं दोन माणसं घेतली, तबल्याला तुहीन आणि गायला हिमांशू जोशी. हिमांशूनं अशीम व्हायचा प्रयत्न केला नाही, म्हणूनच तो आजही ऐकावासा वाटतो.

उलटं उदाहरणही आहे. अमेरिकेच्या जर्नी बँडनं २००७ मध्ये यूट्यूबवर शोधून मनिलाचा आर्नेल पिनेडा आणला, कारण त्याचा आवाज हुबेहूब जुन्या स्टीव्ह पेरीसारखा. कार्यक्रम भरले, माणसाचा गळाही सोन्याचा. पण इतकी वर्षं झाली तरी लोक त्याच्याकडून पेरीचीच गाणी मागतात. त्या माणसाची मला हळहळ वाटते.

आता नावाचा प्रश्न. जुनं नाव लावायचा हक्क काय, असं विचारणाऱ्यांनी आपल्याकडचे तमाशाचे बोर्ड नीट बघावेत. कराडजवळच्या करवडीच्या मंगला बनसोडे म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची लेक. आईच्या फडात वाढल्या, पुढं स्वतःचा फड काढला. मुलगा गाण्यात, वगात पुढं आला तेव्हा बोर्डावर काय आलं? ‘मंगला बनसोडे सह नितीनकुमार’. आईचं नाव मोठं, मुलाचं नाव शेजारी. रघुवीर आणि कांताबाईंच्या बोर्डावरही दोन नावं तशीच जोडलेली. लंडनच्या क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी १९९१ मध्ये गेला. पुढं नव्या गायकांबरोबर उभं राहताना त्यांनी ‘क्वीन’ लिहून पुढं अधिकचं चिन्ह काढलं आणि नव्या माणसाचं पूर्ण नाव लिहिलं, आधी पॉल रॉजर्स, मग ॲडम लॅम्बर्ट. जगभर त्याचं कौतुक झालं. करवडी, संगमनेर, नारायणगावच्या फडमालकांना ही रीत ठाऊक होतीच. कोण गेलं, कोण आलं, दोन्ही प्रेक्षकाला तिकिटाच्या खिडकीवरच सांगायचं. यात फसवणूक कुठं आली?

कवलापूरच्या काळू-बाळूंचं नाव काढून मला कुणीतरी अडवणार. लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ ज्यांनी पाहिला त्यांना या जोडीच्या जागी कुणाला उभं करायचं हे सुचणार नाही, हे मला मान्य आहे. काही जागा भरत नाहीत. पण हेही लक्षात ठेवा, की काळू-बाळू आभाळातून पडले नव्हते. त्यांच्या आधी घरात शिवा-संभांचा फड होता. संभाजी हे त्यांचे वडील. बापाचे प्रेक्षक पहिल्यांदा या दोन पोरांपुढं बसले, तेव्हा त्यांनी ‘शिवा-संभा ते शिवा-संभा’ म्हणत पाठ फिरवली असती, तर ‘जहरी प्याला’ कुणी बघितला असता?

आणि आता जे मला खरोखर टोचतं ते. औंधला १९४० पासून संगीत महोत्सव भरतो. अंतूबुवा जोशींनी सुरू केलेला, मुलगा गजाननबुवांनी वाढवलेला. गजाननबुवा १९८७ मध्ये गेले. त्यांचे शिष्य उल्हास कशाळकर, अरुण कशाळकर गायला बसतात तेव्हा ‘बुवांसारखं गा’ अशी आरोळी मांडवातून येत नाही. गुरूचं घेतलं आणि स्वतःचं केलं, म्हणून श्रोते मान डोलावतात. रास्तच आहे. मग त्याच तालुक्यातल्या जत्रेत, कनातीच्या आत, बावीस वर्षांच्या पोरीनं लावणी उचलल्याबरोबर ‘जुनी बाई कुठं आहे’ म्हणून शिट्ट्या का? शास्त्रीय गवयाच्या शिष्याला स्वतःची गायकी असू शकते आणि तमाशातल्या पोरीनं मात्र मागच्या बाईची नक्कल करायची, हा न्याय कुठला? हा न्याय जातीचा आहे आणि पैशाचा आहे. गाणं ऐकणाऱ्याचा तो न्याय नव्हे.

विठाबाईंचं नाव घेऊन नव्या पोरींना कमी लेखणाऱ्यांना तर मी सरळ विचारीन, तुम्ही विठाबाईंसाठी काय केलंत? दोनदा राष्ट्रपती पदक मिळालेली ही बाई, १९५७ आणि १९९० साली. २००२ मध्ये गेली तेव्हा अखेरच्या आजारपणात उपचाराच्या पैशांची ओढाताण होती. ती गेल्यावर सरकारनं तिच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार ठेवला. गेलेल्या गळ्याची थोरवी सांगायला खर्च येत नाही. आज उभ्या असलेल्या गळ्याला ऐकायला मात्र थंडीत तीन तास बसावं लागतं.

करोनात दोन हंगाम जत्रा भरल्या नाहीत. फडांनी घेतलेल्या उचली फिटल्या नाहीत, कलावंत शेतावर, बांधकामावर गेले, काही परत आलेच नाहीत. त्यामुळं आज जे फड उभे आहेत, त्यांतल्या अनेकांत पुढं गाणारा चेहरा नवा आहे. ढोलकीवाला जुना, पेटीवाला जुना, गाणारी नवी. मेलेलं माणूस परत येत नाही, थकलेली बाई पुन्हा चाळ बांधत नाही. नव्या पोरीला घेऊन फडानं दसऱ्याला नारळ फोडला, याचं श्रेय आधी मोजा.

तमाशाचं सगळंच चांगलं चाललंय असं मी म्हणत नाही. गण-गौळण दहा मिनिटांत उरकायची, बतावणी गाळायची आणि रात्रभर सिनेमाच्या गाण्यांवर नाच, असा कार्यक्रम मलाही नको. पण तो कोण मागतं? फडात वग बसवलेला असतो. पुढून फर्माइशींच्या चिठ्ठ्या येतात, मागून दंगा होतो आणि वग अर्ध्यावर गुंडाळला जातो. नवीन गायिकेला ओळख मिळायची ती वगात. भूमिका करताना, संवादावरून गाण्यात शिरताना तिचा आवाज तिचा होतो. सिनेमाच्या गाण्यात ती कायम कुणाची तरी सावली राहणार, कारण ते गाणं तिचं नाहीच. जुन्या बाईची सर हिला नाही, अशी तक्रार करणारा आणि सिनेमाच्या गाण्याची चिठ्ठी पाठवणारा माणूस अनेकदा एकच असतो.

म्हणून खटाव-माणच्या यात्रा कमिट्यांना, पुसेगावपासून म्हसवडपर्यंत, हे लिहितो आहे. पाडव्याला नारायणगावच्या राहुट्यांत सुपारी ठरवायला जाल, तेव्हा ‘जुनी बाई नाही, मग रक्कम कमी करा’ हे बोलणं तोंडातून काढू नका. नव्या गायिकेलाही तेवढीच रात्र जागायची आहे आणि जुन्या ढोलकीवाल्याचा पगार कमी झालेला नाही. वग कोणता बसवलाय ते विचारा आणि तो पूर्ण होईल, अशी अट तुम्ही घाला. दंगा करणाऱ्याला आवरायची जबाबदारी कमिटीनं घ्यावी. फडमालकिणीनं हात जोडून विनवण्या करायच्या, हे आपल्या गावाला शोभत नाही.

आणि राहुटीतून उठण्याआधी गाणाऱ्या पोरीचं नाव विचारून लिहून घ्या, पूर्ण नाव, गावासकट. यात्रेच्या पत्रिकेत कुस्तीतल्या पंचांचं नाव असतं, बक्षीस देणाऱ्याचं असतं, मांडववाल्याचंही असतं. फडाच्या नावाखालच्या ओळीत तिचंही छापा.