दोन तंबू, दोन रात्री

कटारा कुणाची? आंगची की झुकोची?

‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही कार्टून मालिका निकेलोडियनवर २००५ साली सुरू झाली आणि ६१ भागांनंतर २००८ साली संपली. भांडण संपलं नाही. एका बाजूला कटारा-आंग जोडीचे ‘काटांग’वाले, दुसऱ्या बाजूला कटारा-झुको जोडीचे ‘झुतारा’वाले आणि मधे चौदा वर्षांची एक मुलगी, जिला कुणी विचारतच नाही. कुणी कुणालाही शिप करावं, म्हणजे मनाने कुणाचीही जोडी जुळवावी, तो फॅनचा हक्कच आहे. पण ‘कटारा कुणाची’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ती कुणाचीच नाही. तिने कुणाला माफ केलं, कुणाला नाही केलं आणि का, हे विचारा. ही मालिका प्रेमापेक्षा माफीबद्दल जास्त बोलते आणि त्या बाबतीत ती मोठ्यांसाठी काढलेल्या भल्याभल्या मालिकांपेक्षा शहाणी आहे.

झुकोपासून सुरुवात करू. हा अग्निराष्ट्राचा राजपुत्र. तेराव्या वर्षी युद्धाच्या बैठकीत तो मधेच बोलला : नव्या भरतीच्या पोरांचा असा बळी देऊ नका. शिक्षा म्हणून बापाने, ओझाईने, भर आखाड्यात त्याचा चेहरा जाळला आणि देशाबाहेर काढलं. अवतार पकडून आण, मगच घरी ये. अवतार म्हणजे आंग. म्हणून हा आंगच्या मागे आणि आंगसोबत असलेल्या कटाराच्याही मागे.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी बा सिंग से शहराखालच्या गुहेत झुको आणि कटारा एकत्र कैद होतात. तिथे ती त्याच्या डाव्या डोळ्यावरच्या जळक्या व्रणाला हात लावते. तिच्याकडे उत्तर ध्रुवावरच्या पवित्र तळ्याचं, जखम भरून काढणारं पाणी आहे, एकदाच वापरता येईल एवढं. ते ती त्याच्यासाठी खर्चायला निघाली आहे. थोड्याच वेळात झुको बहिणीच्या, अझुलाच्या बाजूने लढायला उभा राहतो. अझुलाची वीज आंगच्या पाठीत घुसते आणि ते पाणी आंगचा जीव वाचवायला लागतं. कटाराचा राग कुठून येतो हे ज्यांना कळत नाही, त्यांनी हा भाग पुन्हा बघावा.

तिसऱ्या सीझनमध्ये झुको बापाला तोंडावर नकार देऊन येतो. आंगच्या टोळीपुढे जाण्याआधी तो एका बेडकासमोर उभा राहून माफीची तालीम करतो. काका आयरो असता तर काय म्हणाला असता, याचीही नक्कल करून बघतो. हसू येतं आणि आत कुठेतरी टोचतं. माफी कशी मागायची हे त्या घरात कुणी शिकवलेलंच नाही. बाकीचे हळूहळू त्याला सामावून घेतात. कटारा नाही घेत. ती त्याला बजावते : एकदा जरी घसरलास तरी तुझा शेवट मी करीन.

मग पहिला तंबू येतो. कटाराचा. झुको रात्रभर त्याच्या बाहेर बसून राहतो. सकाळी ती बाहेर येते तेव्हा त्याचा चेहरा ओढलेला आहे. आदल्या दिवशी त्याने तिला विचारलं होतं, मी काय करू म्हणजे हे मिटेल? ती म्हणाली होती, माझी आई परत आणून दे. आई आणणं कुणाच्या हातात नसतं. पण आईला मारणारा कोण हे शोधणं हातात होतं. झुको तिचा भाऊ सोका याच्याकडून जुनी हकीकत काढून घेतो, जहाजावरच्या निशाणावरून तुकडी ओळखतो आणि तिला त्या माणसापर्यंत नेतो.

तो माणूस, योन रा, आता म्हातारा झालाय. भाजी आणायला बाहेर पडलेला. कटारा पडता पाऊस जागच्या जागी थांबवते, त्या पाण्याचे बर्फाचे सुरे करते आणि ते त्याच्या अंगापासून वीतभर अंतरावर रोखून धरते. तो गयावया करतो. माझ्या आईला घे, असाही सौदा मांडतो. ती त्याला मारत नाही. माफही करत नाही. पुढे धक्क्यावर आंगला ती स्वच्छ सांगते की त्याला मी कधीच माफ करणार नाही. आणि त्याच श्वासात झुकोला माफ करते, मिठी मारून.

मुलांच्या कार्टूनमध्ये एक मुलगी म्हणते की मी मारलं नाही, पण माफही केलं नाही, आणि मालिका तिला चूक ठरवत नाही. ‘मोठ्या मनाने माफ कर’ असं पिढ्यान् पिढ्या ऐकत आलेल्या प्रत्येक मुलीने हा भाग बघितला पाहिजे.

झुतारावाल्यांना त्या मिठीत प्रेमकहाणी दिसते. मला त्याहून मोठं काही दिसतं : माफी मागणारा ताटकळला आणि माफी देणारीने हवा तेवढा वेळ घेतला.

आता काटांगवाल्यांकडे. एम्बर बेटावर नाटक चाललेलं असताना आंग कटाराला विचारतो, आपलं काय? ती सांगते, माझा गोंधळ उडालाय, आत्ता नको. तरीही तो तिला चुंबन देतो. ती चिडते आणि निघून जाते. थेट शेवटच्या भागात, बा सिंग से मधल्या चहाच्या दुकानाच्या सज्जात, दोघं चुंबन घेतात. मधे काय झालं? तिचा गोंधळ कधी, कसा सुटला? त्याने तिची माफी मागितली का? पडद्यावर काहीच नाही. झुकोला एका माफीसाठी अख्खी रात्र जागवणाऱ्या लेखकांनी आंगला तेवढी सूट दिली. मला आंग मनापासून आवडतो, म्हणूनच हे खटकतं. त्यांची जोडी चुकीची नाही. त्या जोडीतला एक प्रसंग लिहायचा राहून गेला.

दुसरा तंबू आयरोचा. काका-पुतण्या म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शनिवारवाडा येतो, १७७३ साल, ‘काका, मला वाचवा’ म्हणत धावणारा नारायणराव. आपल्या भाषेत ही जोडी गादीच्या भांडणालाच चिकटलेली आहे. आयरोकडे तर भांडायला कारणही होतं. तो ओझाईचा थोरला भाऊ, गादीचा पहिला वारस. सहाशे दिवस त्याने बा सिंग सेला वेढा घातला, तिथेच त्याचा एकुलता पोरगा लू टेन मेला. वेढा उठवून तो परतला आणि गादी धाकट्याकडे गेली. असा माणूस गादी सोडून जळक्या चेहऱ्याच्या पुतण्यासोबत जहाजावर चढतो आणि चहा करत, त्याच्या शिव्या खात, वर्षानुवर्षं त्याच्याजवळ राहतो. लू टेनच्या वाढदिवशी टेकडीवरच्या झाडाखाली पोराचं चित्र मांडून आयरो गाता गाता रडतो, तो प्रसंग आयरोला आवाज देणाऱ्या माको यांना अर्पण केला आहे. ते २००६ साली गेले.

याच काकाला झुकोच्या दगाबाजीमुळे तुरुंगात जावं लागलं. शेवटच्या लढाईआधी झुको त्याच्या तंबूत शिरतो तेव्हा आयरो घोरत पडलेला आहे. पुतण्या जमिनीवर बसून राहतो, पहाटेपर्यंत. काका उठतो, पाठ फिरवूनच बसतो. झुको रडत रडत बोलायला लागतो. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आयरो त्याला कपड्याला धरून ओढतो आणि छातीशी घट्ट धरतो. राग नव्हताच, तो सांगतो. तू वाट चुकलास याची भीती होती.

अख्ख्या मालिकेतलं माझ्यासाठी सगळ्यात मोठं प्रेम हे आहे. त्याला शिपचं नाव नाही.

आणि म्हणूनच अझुलाचं मला जास्त वाईट वाटतं. वेढ्यावरून आयरोने मुलांना भेटी पाठवल्या होत्या. झुकोला शरण आलेल्या सेनापतीचा सुरा, अझुलाला नव्या फॅशनची बाहुली. तिने ती बाहुली जाळली. ती कोण आहे, तिला काय आवडतं, हे काकाला तेव्हाही ठाऊक नव्हतं. पुढे झुको तिचा विषय काढतो तेव्हा ती वेडी आहे, तिला रोखलंच पाहिजे, एवढं बोलून आयरो मोकळा होतो. तीही चौदाच वर्षांची, त्याच बापाच्या हाताखाली वाढलेली. शेवटी आरशात तिला आई दिसते आणि ती आरसा फोडते.

आयरोवर माझं प्रेम आहे. त्याची माया एकाच लेकरापुरती होती, हेही खरं आहे. झुकोला रात्र काढायला दोन तंबू मिळाले. अझुलाला एकही नव्हता. जोड्यांवरून पुन्हा भांडायला बसाल तेव्हा आधी तिच्याबद्दल बोला.