बॉस्टनच्या नाताळवृक्षास खुले पत्र

प्रति,
श्रीमान नाताळवृक्ष,
मूळ गाव नोव्हा स्कोशिया, कॅनडा. हल्ली मुक्काम बॉस्टन कॉमन.

स. न. वि. वि.

डिसेंबरात आपली भेट झाली. म्हणजे मी मान वर करून आपल्याला पाहिलं, आपण काही मला पाहिलं नाहीत. उंच मंडळींचं असं असतंच. सोबत सौ., लेक, जावई आणि नातू होते. त्याच आठवड्यात लेकीने आम्हाला वेलस्लीजवळच्या एल्म बँक बागेत आपल्या भाऊबंदांचं प्रदर्शन दाखवलं. 1829 सालची मॅसॅच्युसेट्स हॉर्टिकल्चरल सोसायटी ते भरवते. लोकांनी सजवून दिलेली झाडं ओळीने उभी, प्रत्येकापुढे डबा. सोडतीची तिकिटं घ्यायची, आवडत्या झाडाच्या डब्यात टाकायची. नंबर लागला तर झाड सजावटीसकट आपलं, पैसे संस्थेच्या कामाला. सौ.ने सगळी तिकिटं एकाच डब्यात टाकली आणि मग विचारलं, ‘‘अहो, लागलं तर महाडला न्यायचं कसं?’’ जावई म्हणाला, ‘‘आई, लागणार नाही.’’ नातवाने भोकाड पसरलं. दानधर्म असा सहकुटुंब आणि हौसेने होतो, याचं मला अप्रूप वाटलं. आमच्या आळीत पावतीपुस्तक दिसलं की माणसं परसदारी कामाला लागतात.

पत्राचं कारण मात्र आपण. 6 डिसेंबर 1917 रोजी हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याने भरलेलं फ्रेंच जहाज दुसऱ्या जहाजाला धडकून उडालं, दोनेक हजार माणसं गेली, आणि त्याच रात्री बॉस्टनहून डॉक्टर-परिचारिका घेऊन आगगाडी निघाली. पुढल्या वर्षी हॅलिफॅक्सने आभाराचं झाड पाठवलं. 1971 पासून तर दरवर्षी एक येतं. हे ऐकल्यापासून मला झोप नाही. कारण देणं आमच्याही डोक्यावर आहे.

22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारी महाडच्या बाजारपेठेत शिरल्या. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही तेच. मग ठाण्याचे, नवी मुंबईचे सफाई कामगार आले, कुठकुठली पोरं फावडी घेऊन आली आणि आमच्या दुकानांतला गाळ त्यांनी उपसला. आम्ही शाल-श्रीफळ दिलं ते मुख्यतः गाळ बघायला आलेल्यांना.

तेव्हा महाडनेही ठाण्याला दरसाल एक झाड पाठवावं, असा ठराव मी कट्ट्यावर मांडला. आंबा द्यायला कुणी तयार होईना. साग म्हटलं तर आधी वनखात्याचा परवाना. पोलादपूरच्या एका मित्राने शेवरी सुचवली, पण ती शिमग्याला लागते. झाड वाजतगाजत आणून उभं करायची रीत आमच्याकडेही आहे, फक्त आम्ही ते पेटवतो. समजा झाड मिळालं, तरी ते जायचं मुंबई-गोवा महामार्गाने, ज्याचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. माणगावच्या कोंडीत पानगळ होऊन ठाण्यात खुंट पोहोचायचा. त्याला पालवी फुटलीच, तरी ती दिसायची नाही. पुढे ‘भावी’ मंडळींचे फलक असणार.

हे सगळं निभावलंही असतं. खरी अडचण निराळी, आणि ती आपल्याला कळणं कठीण. हॅलिफॅक्सचा स्फोट एकदाच झाला; शंभर वर्षं सावकाश आभार मानायला सवड मिळाली. आमचं तसं नाही. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल वाहून गेला. ऑगस्ट 2020 मध्ये पाच मजल्यांची इमारत बसली. वर्ष सरायच्या आत 2021 चा पूर. एकाचे आभार मानायला शब्द जुळवावेत तोवर दुसरा मदतीला हजर! प्रत्येकाला एकेक झाड द्यायचं ठरवलं, तर डोंगर बोडके होतील, मग आणखी दरडी येतील, आणि पुन्हा झाडं पाठवावी लागतील. हिशोब कुठे मिटत नाही. आपल्या नोव्हा स्कोशियाने यावर काही तोडगा काढला असल्यास कळवावा. आमच्याकडचा तोडगा म्हणजे धोक्याच्या गावांची यादी. ती मात्र बारमाही हिरवी असते.

एकदा सवडीने इकडे या. कशेडीला आता बोगदा झाला आहे, घाटाची वळणं घ्यावी लागणार नाहीत. उंचीमुळे तिथे अडकलात, तर तिथेच फीत कापण्याची सोय होईल. पावसाळा टाळून यावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक महाडकर

ता. क. : येताना मदत म्हणून जुने कपडे आणू नयेत. पुराच्या वेळी आलेल्या गाठोड्यांतल्या लोकरी पायमोज्यांना अजून पाय मिळायचे आहेत.