सव्वापाच रत्तीची काळजी

ग्वाल्हेरला, लश्करच्या खासगी बाजारातल्या मराठी घरांत 'कसं चाललंय?' असं कुणाला विचारलं की 'मजेत' एवढंच उत्तर येतं. म्हणून जाणती माणसं विचारतच नाहीत. ती चहाचा कप पुढे करतात आणि कप घेणाऱ्या हाताकडे बघतात. तर्जनीत पुष्कराज असला तर घरात कुणाचं तरी लग्न अडलंय. करंगळीत पाचू असला तर मुलाचे पेपर पुन्हा अवघड गेलेत. मोती म्हणजे रात्रीची झोप उडालीय. अनामिकेत पोवळं असलं तर एक तर मुलगी मंगळाची, नाही तर सख्ख्या भावाशी जमिनीचा दावा. मंगळाकडे भाऊ आणि जमीन ही दोन्ही खाती असल्यामुळे तो बहुतेक वेळा दोन्ही एकदमच चालवतो. आणि मधल्या बोटात नीलम दिसला की आवाज खाली आणायचा आणि विषय बदलायचा.

माझ्या आत्याला पत्रिका वाचता येत नाही, पण बोटं येतात. एखाद्याच्या घरी काय बिनसलंय हे त्याच्या बायकोच्या आधी तिला कळतं. एरवी आपलं दुखणं चार भिंतींच्या आत ठेवणारी ही माणसं तेच दुखणं सोन्यात मढवून, उजेडात धरून गल्लीतून मिरवतात, आणि कुणी त्याबद्दल बोललं तर मात्र त्यांना अपमान वाटतो. मला या रत्नशास्त्राचा एवढाच भाग शंभर टक्के पटतो: ग्रहाला कळो न कळो, शेजाऱ्यांना कळतं. आणि शेजाऱ्यांना कळलं की निदान स्थळं तरी येऊ लागतात. आत्येबहिणीच्या बोटात पुष्कराज गेला त्या हिवाळ्यात जेवढी स्थळं आली, तेवढी तिच्या एम.ए.च्या पदवीनं आणली नव्हती.

खडा घ्यायला सराफ्यात जावं लागतं. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१०च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी कायमची विसावली आणि त्या लष्कराच्या तळाचंच शहर झालं. सराफ मागोमाग आले असणारच, कारण जिथे फौज, तिथे लूट, आणि जिथे लूट, तिथे काटा. घरातलं पोवळं तिथे मूँगा होतं, पाचूचा पन्ना होतो आणि लसण्याचा लहसुनिया, पण वजनाला भाषा लागत नाही. वजन नेहमी सव्वाचं. सव्वापाच रत्ती, सव्वासात रत्ती. बरोबर पाच रत्तीचा खडा मागितला तर सराफ असा चेहरा करतो, की जणू आपण सत्यनारायणाला बिनसाखरेचा शिरा सांगितला. ती वरची पाव रत्तीच तर लागू पडते, असं तो म्हणतो. अंगठीचं कोंदण खालून उघडं हवं, खडा कातडीला टेकायला हवा. आणि ऐपत नसेल तर उपरत्नं आहेत: पुष्कराजाऐवजी सुनहला, नीलमाऐवजी कटैला. ग्रहांचा दरारा एवढा मोठा, पण सवलतीच्या दरात त्यांचं भागतं, हे मला त्यांच्या स्वभावातलं सर्वांत माणुसकीचं लक्षण वाटतं. तेही परवडलं नाही तर मुरैन्याजवळ ऐंतीला शनिश्चराचं देऊळ आहे. शनिश्चरी अमावास्येला लोक तिथे अंगावरचे कपडे आणि पायातल्या चपला सोडून येतात. साडेसाती जाते की नाही कोण जाणे, जुन्या चपला नक्की जातात.

नीलमाची रीत वेगळी. तो सोसेल की नाही ते आधी बघायचं, म्हणून निळ्या फडक्यात बांधून तीन रात्री उशीखाली ठेवायचा. वाईट स्वप्न पडलं तर परत करायचा. आता, उशीखाली शनी आहे हे माहीत असताना ज्याला चांगलं स्वप्न पडेल, त्याला नीलमाची गरज काय, हा प्रश्न मी आत्याला विचारला होता. तिनं मला पोळ्यांची कणीक मळायला बसवलं.

अमेरिकेतल्या भाचीनं मध्यंतरी आत्याला वाढदिवसाची भेट पाठवली: साखळीत ओवलेला छोटासा निळा-जांभळा खडा, सोबत चिठ्ठी, की डिसेंबरचा हा जन्मखडा. आत्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "महिन्याचा खडा? म्हणजे डिसेंबरात जन्मलेल्या सगळ्यांचं दुखणं एकच?" या यादीवर इतका नेमका आक्षेप मी दुसरीकडे ऐकलेला नाही. आज जगभर चालते ती महिन्यांची यादी १९१२ साली कॅन्सस सिटीत ठरली, आणि ठरवली ती ज्योतिषांनी नव्हे, अमेरिकेतल्या सराफांच्या संघटनेनं. मुळात बायबलातल्या मुख्य पुरोहिताच्या उरावरची बारा रत्नं, मग त्यांची बारा महिन्यांशी सांगड, असा तिचा पुरातन वंशवृक्ष आहे. पण शेवटचा हात दुकानदारांचा. आत्याचा तो खडा टांझानाइट. तो टांझानियात सापडला १९६७ला आणि डिसेंबरच्या यादीत शिरला २००२ला. म्हणजे आत्याचा जन्म झाला तेव्हा तिचं भाग्यरत्न अजून जमिनीतच होतं आणि कुणाला त्याची खबरही नव्हती.

आपले सराफ त्या मानानं संयमी. युरेनस १७८१ला सापडला, नेपच्यून १८४६ला; दोन नवे ग्रह, दोन नवी रत्नं, केवढा धंदा! पण नवरत्नं नऊच राहिली. त्यात राहू आणि केतू हे मुळात ग्रहच नाहीत, नुसते आकाशातले छेदबिंदू आहेत, तरी गोमेद आणि लसण्या त्यांच्या नावावर बिनबोभाट खपतात.

जुन्या ग्रंथांना माणसापेक्षा दगडाची काळजी जास्त होती असं वाटतं. गरुडपुराणात रत्नं बळ नावाच्या असुराच्या देहातून झाली: हाडांचे हिरे, दातांचे मोती, रक्ताची माणकं, पित्ताचा पाचू, डोळ्यांचे नीलम. वराहमिहिर सहाव्या शतकातला, उज्जैनकडचा. ग्वाल्हेरच्या आधी शिंद्यांची गादी होती त्याच गावचा. बृहत्संहितेत त्यानं हिरा, मोती, माणिक, पाचू यांना अध्याय दिले आहेत. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की चांगलं रत्न राजाला लाभतं, सदोष रत्न बाधतं, म्हणून ते जाणकाराकडून पारखून घ्यावं. सगळा भर पारखण्यावर. आणि इथेच पाचूवाल्यांची पंचाईत होते. बिनजाळ्याचा पाचू इतका दुर्मिळ, की अगदी स्वच्छ दिसला तर पारखी आधी काचेचा संशय घेतो. दोष असावा म्हणजे खरा, आणि दोष असला तर बाधक.

पण खरी गंमत माणिक आणि नीलमात आहे. माणिक सूर्याचं, नीलम शनीचा. शनी हा सूर्याचा मुलगा आणि बापलेकांचं हाडवैर. म्हणून दोन्ही खडे एका हातात घालायचे नाहीत, असं कुठलाही ज्योतिषी बजावतो. रसायनशास्त्राला विचारलं तर दोन्ही एकच: ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन. त्यात चिमूटभर क्रोमियम शिरलं की लाल होतं, लोह आणि टायटॅनियम शिरलं की निळं. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा मला वाटलं ती चकित होईल. ती म्हणाली, "मग? रक्त एकच असल्याशिवाय एवढं वैर होतंय का?"

माणकाच्या बाबतीत सूर्य तसा भोळाच. ब्रिटिश राजमुकुटाच्या दर्शनी भागात 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' म्हणून जो लालभडक खडा मिरवतो, तो माणिक नाहीच. स्पिनेल नावाचा वेगळाच दगड आहे. ही दोन खनिजं वेगळी असल्याचं १७८३ला ठरलं. म्हणजे ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही अशी ख्याती, त्याच्या कपाळी सूर्याचं रत्न म्हणून भलताच दगड होता, आणि सूर्यानं दीडेकशे वर्षं मावळणं लांबवलं. १९०२ला व्हेर्नोई या फ्रेंच रसायनज्ञानं भट्टीत माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली, तेव्हाही वर काही हलल्याची नोंद नाही.

हिरा शुक्राचा, सुख, विलास, ऐश्वर्य देणारा. त्याचा दाखला ग्वाल्हेरचाच आहे. इथला तोमर राजा विक्रमादित्य १५२६ला पानिपतावर इब्राहीम लोदीच्या बाजूनं लढताना पडला. त्याचं कुटुंब आग्र्याला होतं. त्यांनी हुमायूनला जडजवाहीर दिलं, त्यात एक प्रसिद्ध हिरा होता. बाबरानं आत्मचरित्रात त्याची किंमत नोंदवली आहे: एका भाषांतरात साऱ्या जगाचं अडीच दिवसांचं अन्न, दुसऱ्यात साऱ्या जगाचा अर्ध्या दिवसाचा खर्च. घासाघीस भाषांतरातही चुकत नाही. पुष्कळांच्या मते तोच कोहिनूर, काहींच्या मते नव्हे. हुमायूनानं तो बापाला दिला, बापानं त्यालाच परत केला, आणि पुढे हुमायूनचं राज्य गेलं, इराणात आसरा घ्यावा लागला. शुक्राची कृपा असेल तर अशी असते. आत्याला यातलं अन्नाचं गणित तेवढं आवडलं. "अडीच दिवस जेवू घाला," ती म्हणाली, "आणि तिसऱ्या दिवशी रात्री?"

तिच्या कपाटात एक पितळी डबा आहे. त्यात घरातल्या निवृत्त अंगठ्या असतात. काकांचं पोवळं त्यात आहे. दावा अजून चालू आहे, काका राहिले नाहीत. आत्येबहिणीचा पुष्कराजही तिथेच होता. लग्न होऊन वर्षं झाली, खडा नुसता पडून, म्हणून आत्या तो मोडायला सराफाकडे घेऊन गेली. मी बरोबर होतो.

सराफानं भिंग लावलं, खडा पुसला आणि म्हणाला, "आधे दाम मिलेंगे, माताजी. पहनी हुई चीज़ है, ताक़त निकल जाती है."

"उलटा दुप्पट द्यायला हवा," आत्या मराठीतच म्हणाली; रागावली की तिला हिंदी सुचत नाही. "नव्या खड्याचा काय भरवसा? याचं काम झालेलं आहे. जावई घरी आलाय, हवं तर बोलावून दाखवते."

सराफानं हसून खडा काट्यावर टाकला. बरोबर पाच रत्ती भरला. आत्यानं पर्समधून घडीघडीची जुनी पावती काढली. तिच्यावर सव्वापाच होते. तिनं पावती काचेवर पसरली आणि सराफाकडे पाहिलं.

त्यानं पावती वाचली, काटा पाहिला, पुन्हा पावती वाचली.

"वो पाव रत्ती ही तो ताक़त थी, माताजी," तो म्हणाला.