आख्ख्या घराचं अभिनंदन

उत्रेख्तला भाचीच्या शेजारणीला पन्नासावं लागलं नव्हतं, चक्क पूर्ण झालं होतं, आणि ते गल्लीभर जाहीर होतं. अंगणात चिंध्या भरलेली एक म्हातारी उभी, डोक्याला रुमाल, गळ्यात ५० ची पाटी. ही सारा. पन्नाशी गाठलेल्या डच बाईने ‘सारा पाहिली’ म्हणतात आणि पुरुषाने अब्राहाम. येशूची पन्नाशीही झालेली नसताना त्याने अब्राहामाला पाहिलं कसं, अशी शंका बायबलात काढली आहे, तिच्यावरून हे आलं.

भाचीने वाटेत माझ्याकडून एकच शब्द घोकून घेतला: खेफेलिसितेर्त. म्हणजे अभिनंदन. पहिला ‘ख’ चांगला खाकरून काढायचा. परीक्षा, लग्न, बाळ, नवं घर, कशालाही तो चालतो. वाढदिवसाला मात्र तो एकट्या उत्सवमूर्तीला देऊन भागत नाही. नवऱ्याला ‘बायकोबद्दल’, आईला ‘मुलीबद्दल’, असं घरभर वाटत जायचं.

आत भिंतींच्या कडेने गोल खुर्च्या. मी उजवीकडून सुरुवात केली. नवऱ्याचं अभिनंदन पटलं. इतकी वर्षं टिकला. आईचंही पटलं; मूळ कष्ट तिचे. पण दिराने काय केलं होतं? तरी त्याने छाती फुगवून ते स्वीकारलं. अर्धं वर्तुळ होईतो माझा घसा बसला. तेवढ्यात एक आजोबा उठले आणि त्यांनी माझंच अभिनंदन केलं.

“माझं कशाबद्दल?”

“मामा, शेजारणीबद्दल. दांक यू वेल म्हणा आणि बसा,” भाची पुटपुटली.

मग कॉफी आली, केक आला. माणशी एक तुकडा. डबा परत स्वयंपाकघरात गेला तो गेलाच. अभिनंदनाचा मात्र आग्रह चालू होता.

एवढे वाढदिवस या लोकांच्या लक्षात राहतात कसे, ते संडासात कळलं. तिथे भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर असतं. त्यात वार नाहीत, साल नाही. नुसत्या तारखा आणि पुढे हाताने लिहिलेली नावं. वारच नसल्यामुळे एक कॅलेंडर जन्मभर पुरतं, आणि जागा अशी की रोज नजर पडतेच. मी बसल्या बसल्या पानं उलटली. दीर मार्चचा निघाला. म्हणजे मार्चमध्ये पुन्हा खुर्च्या, पुन्हा एकेक तुकडा, आणि दिराबद्दलचं अभिनंदन वहिनीला. त्याची उधारी तेव्हा फिटणार होती.