घडलं ते लिहा

१६ जुलै २००४. कुंभकोणमच्या शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली, शाकारलेल्या छपराने पेट घेतला आणि ९४ मुलं गेली.

भाजलेल्या कातडीचा हिशेब वैद्यकशास्त्र चोख ठेवतं. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला, म्हणजे आयसीडी-१० मधला, टी ३१ हा संकेतांक शरीराचा किती टक्के भाग भाजला एवढंच सांगतो, दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी. इमारतीतली आटोक्याबाहेरची आग असेल, तर तिला एक्स ००. मग त्याच आगीतून वाचलेलं पोर रात्री किंचाळत उठतं, तेव्हा ही बारकाई कुठे जाते? 'झोप नाही, टेन्शन, गोळ्या १५ दिवस.' आपल्याकडच्या असंख्य केसपेपरांवर मनाच्या वाट्याला एवढीच ओळ येते.

आणि ती ओळ निदान बुडवते. बहुतेक मानसिक आजार लक्षणांवरून ठरतात. ताणातून येणाऱ्या विकारांच्या एफ ४३ या गटाचं तसं नाही. तिथे घडलेली घटना हाच निदानाचा पाया. तीव्र ताणाची पहिली प्रतिक्रिया, म्हणजे एफ ४३.०, तासांत किंवा काही दिवसांत ओसरते. आघातोत्तर ताणविकार, एफ ४३.१, सहसा सहा महिन्यांच्या आत डोकं वर काढतो. एफ ४३.२, समायोजनाचा विकार, साधारण महिन्याभरात सुरू होतो. म्हणजे काय घडलं आणि कधी घडलं, हे कागदावर नसेल तर यातलं काहीच ठरत नाही. केसपेपर वाचून संकेतांक देणाऱ्या कोडरला अंदाजाने लिहायची मुभा नसते. 'लिहिलं नाही म्हणजे झालं नाही' हा त्या धंद्यातला पहिला धडा. त्याचा हात मग एफ ४१.९ कडे जातो: अनिर्दिष्ट चिंताविकार. आग गेली, शाळा गेली, तारीख गेली.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची. चेन्नई, कोइमतूर, तिरुच्चीमध्ये पदवीधर मुलं-मुली अमेरिकी रुग्णांच्या नोंदी वाचतात आणि आघातोत्तर विकार अलीकडचा की जुनाट, एफ ४३.११ की एफ ४३.१२, यावर डोकं खपवतात. हे कसब आपल्या देशात, आपल्या माणसांच्या हातात आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या कागदाच्या वाट्याला मात्र ते येत नाही!

दुःखाचंही तसंच. मूल गमावलेल्या आईचं वर्षानुवर्षं न ओसरणारं दुःख २००४ साली समायोजनाच्या खणात कोंबावं लागे, आणि त्या खणाला सहसा काही महिन्यांचीच मुदत. दीर्घकालीन शोकविकाराला स्वतःचा संकेतांक, ६बी४२, मिळाला तो आयसीडी-११ मध्ये. ती आवृत्ती लागू झाली १ जानेवारी २०२२ ला. त्या आगीनंतर साडेसतरा वर्षांनी.

कुंभकोणमच्या शेजारी तंजावर आहे. तिथे सरफोजी राजांच्या काळातली डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं, डोळ्यांच्या चित्रांसकट, सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. दोनशे वर्षांपूर्वी मराठी राजाच्या पदरी जे जमत होतं, ते आजच्या ओपीडीला जड का जावं? गर्दी आहे, मान्य. पण घटना, तारीख, तेव्हापासूनची लक्षणं, अडलेली कामं: याला तीन ओळी लागतात.

'डॉक्टर, कागदावर नका लिहू, पोरीचं लग्न व्हायचंय,' असं घरचे म्हणतात. त्यांची भीती खरी आहे, तिला हसू नये. पण त्यावर उपाय कोरा कागद नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २३ गुप्ततेचा हक्क देतं, कलम २५ आपल्या नोंदी पाहण्याचा. कलम २१ विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजाराच्या बरोबरीने धरायला सांगतं. विम्याचा दावा उभा राहतो केसपेपरावर. तेव्हा तपासणीच्या खोलीतून निघण्याआधी कागद हातात घ्या, वाचा, आणि घटना व तारीख नसेल तर डॉक्टरांना म्हणा, साहेब, एवढं लिहून द्या.