कत्तिरीत मेथी कसली पेरताय, वहिनी?

अहो वहिनी, कुंड्यांत काय पेरताय ते? मेथी? आणि कोथिंबीर? मे महिन्यात, चेन्नईत, पश्चिम मांबळमच्या गच्चीवर? थांबा, हात आवरा जरा. सध्या कत्तिरी चालू आहे. अग्निनक्षत्रम् म्हणतात ना, कडक उन्हाचे दिवस, ४ मेपासून २८ मेच्या आसपास असतं ते. या दिवसांत इथे कित्येक जण घरभरणीसुद्धा काढत नाहीत, आणि तुम्ही बी टाकताय! मेथी दोन पानांवर येईल आणि दुपारी मान टाकेल. कोथिंबिरीचं तर नावच काढू नका.

पुण्याचं वेळापत्रक पुण्यातच ठेवून यायचं. तिकडे गणपती गेले की पाऊस आवरतं घेतो, इथे दसरा-दिवाळीला त्याला जोर चढतो. वर्षाचा साधारण १४०० मिलिमीटर, त्यातला अर्ध्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. आमच्या ह्यांना असले आकडे पाठ, भाजी निवडायला मात्र हात लागायचा नाही. म्हणून इथली पेरणी आडी महिन्यात, जुलैच्या मध्यापासून. आडीचा हंगाम शोधून पेरा, अशी म्हणच आहे इकडे. भेंडी, वांगी, गवार, दोडका, सगळं तेव्हा. मेथी-कोथिंबीर डिसेंबर सरता सरता.

तोवर ग्रो बॅगा आणून ठेवा. सरकारचं फलोत्पादन खातं गच्चीवरच्या बागेसाठी सवलतीत किट देतं, त्यात नारळाचा भुसा, बियांची पाकिटं, कडुनिंबाचं औषध असं असतं. भुसा हलका, गच्चीवर ओझं होत नाही. पण नुसत्या भुशावर झाड पोसत नाही हो, शेणखत, गांडूळखत काहीतरी घालायलाच हवं. त्या कोपऱ्यावरच्या बँकवाल्या बाई आहेत ना, त्यांनी खत न घालताच टोमॅटो लावले, फोटो काय काढले, पाहुण्यांना गच्चीवर काय नेलं! महिन्याभरात झाडं पिवळीफटक. आता म्हणतात, बियाणंच वाईट होतं. मी काही बोलले नाही. कशाला बोला?

माझं ऐकाल तर २०१९ च्या उन्हाळ्यात जे जगलं तेच आधी लावा. तुम्ही तो उन्हाळा पाहिला नाहीत. चेंबरंबाक्कम तलावाला भेगा पडल्या होत्या, टँकर आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन रस्त्यावर. कुंड्यांना कुठलं पाणी? तांदूळ-डाळ धुतलेलं तेवढं घालायचं. त्यावर माझी वांगी गेली, टोमॅटो गेले, पुदिना तर पहिल्या आठवड्यातच गेला. राहिलं काय? कढीपत्ता, पानओवा आणि ही कांडवेल. इथे पिरंडै म्हणतात हिला. शेवगाही उन्हाला दाद देत नाही, पण त्याला वाऱ्याचं भय. १२ डिसेंबर २०१६ ला वरदा वादळ आलं तेव्हा आमच्या कंपाउंडातला आडवाच झाला. त्याचीच फांदी रोवली होती, तोच हा आता शेंगा देतोय. पाला हवा तेवढा तोडा, तुरीच्या डाळीत घाला आणि वरून लसणाची फोडणी.

पिरंडैची मात्र रीत सांभाळावी लागते. कोवळी टोकाकडचीच कांडी घ्या, जून झाली की नुसता चोथा. हाताला आधी तेल चोळा, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल. कडेच्या शिरा सोलून बारीक चिरायची आणि तिळाच्या तेलात परतायची. हिरवा रंग जाऊन मातकट होईपर्यंत, बरं का! इथे घाई केली की घसा खवखवलाच. मग उडदाची डाळ, सुक्या मिरच्या, हिंग तळून घ्यायचं, चिंच-मीठ घालून सगळं जाडसर वाटायचं. चिंचेत काटकसर नको, खाज तीच मारते. गरम भात, वर कच्चं तिळाचं तेल आणि ही चटणी. आमच्याकडे त्या दिवशी आमटीला कोणी विचारत नाही.

हे मला शिकवलं तिसऱ्या मजल्यावरच्या मामींनी. तंजावरच्या मराठी आहेत त्या. आपण मराठीत बोललो की हसतात, म्हणतात तुमची मराठी फार घाईची. व्यंकोजीराजांनी १६७६ मध्ये तंजावरची गादी घेतली, तेव्हापासूनचं घराणं म्हणे. सरफोजीराजांच्या मुदपाकखान्याची पोथी तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे, मराठीतली, हे दर भेटीत एकदा सांगतात. सांगू देत, हाताला चव आहे बाईंच्या. त्यांच्या कुंडीत मणत्तक्काळी आहे, काळ्या मण्यांसारखी फळं येतात ना, तीच. ताकात मीठ घालून भिजवतात, उन्हात खडखडीत वाळवतात आणि तळून चिंचेच्या कुळंबूत, म्हणजे आंबट आमटीत टाकतात. कडूसर लागतं, पण तोंडाची चव परत येते.

रोप देतील तुम्हाला. फक्त रिकाम्या हाताने जाऊ नका. आईकडचा गोडा मसाला आलाय ना तुमच्याकडे? वाटीभर न्या. मागच्या वेळी माझा डबा हुंगून म्हणाल्या, आमच्या सांबाराच्या पुडीपुढे हे काहीच नाही. आणि डबा मात्र रिकामाच परत आला.