नदी पाहिजे

वर : इचलकरंजी. नगरपालिका 1893ची, 2022पासून महानगरपालिका. धंदा घरचा. 1904 साली पहिला यंत्रमाग बसला आणि त्या खडखडाटावर सगळा संसार उभा राहिला. लोक कौतुकानं 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणतात. पहिली पंचगंगा हयात आहे, दारातच आहे, पण तिचं पाणी आता सोसत नाही. दुसरी कृष्णा. तिच्याशी संबंध चांगले आहेत, मात्र मधली पाइपलाइन सारखी फुटते. अपेक्षा : मुलगी स्वच्छ, बारमाही आणि वरच्या अंगाची असावी. मानपानाचं सरकार बघेल.

अशी जाहिरात कुठल्या पेपरात आली नाही. पण गेली काही वर्षं मंत्रालयात ज्या फायली फिरल्या, त्यांचा मजकूर याहून फार वेगळा नव्हता. पहिलं स्थळ आमच्या वारणेचं आलं. शिरोळ तालुक्यातल्या दानोळीतून पाणी उचलायचं ठरलं, अमृत योजनेतून मंजुरी आली, आणि 2018च्या सुमारास पोलीस बंदोबस्तात पाहुणे दारात आले. दानोळीकरांनी चहासुद्धा विचारला नाही. सगळं गाव रस्त्यावर उतरलं. बैठक मोडली. मग पाहुणे कागल तालुक्यात सुळकूडला दूधगंगा बघायला गेले. या खेपेला दीडशे कोटींच्या वर रकमेची योजना होती. तिथंही मुलीकडच्यांनी कवाड लावून घेतलं. त्यानंतर आंदोलनं झाली, उपोषणं झाली, समिती नेमली गेली. आपल्याकडं समिती नेमली की अर्धं पाणी आलंच म्हणायचं.

या सगळ्या बैठकांत 'पहिलीचं काय झालं?' हा प्रश्न मात्र कुणी फार ताणून धरत नाही. लग्नाच्या बैठकीत तो विचारणं तसं बरं दिसत नाही.

पहिलीचं झालं ते असं. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती प्रयाग चिखलीला एकत्र येतात. पाचवी सरस्वती गुप्त असते, आणि पुढचा प्रकार पाहता तिनं शहाणपणाच केला. तिथून पंचगंगा कोल्हापुरात शिरते. शहर तिला जयंती नाल्याचा आहेर करतं. मैलापाणी शुद्धीकरणाचं केंद्र कसबा बावड्यात आहे. त्याच बावड्यात लाईन बाजारला कचऱ्याचा डोंगरही आहे, म्हणजे पाहुण्यांना दोन्ही ठिकाणं एकाच रिक्षात दाखवता येतात. नदी खाली उतरते तशी औद्योगिक वसाहती भेटतात, गावांची गटारं भेटतात, इचलकरंजीत कापडाचं रंगपाणी भेटतं. मग एखाद्या उन्हाळ्यात तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब येतात, बाटलीत पाणी भरतात, पंचनामा करतात. नमुना पुढं प्रयोगशाळेत जातो आणि नदी पुढं नरसोबाच्या वाडीला जाते. तिथं भाविक संगमावर बुडी मारून पापं धुतात. कुणाची, ते विचारू नये.

इथवर चेष्टा चालते. 2012च्या उन्हाळ्यात मात्र इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारो माणसं पिवळी पडली आणि काही दगावली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. ही कावीळ पाण्यातून येणारी, 'हेपेटायटिस ई' म्हणतात ती. मुख्यतः मैला पिण्याच्या पाण्यात मिसळला की ती पसरते. गरोदर बाईला झाली तर जिवावर बेतू शकते. या काविळीची चाल समजून घेण्यासारखी आहे. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं मधल्या दिवसांत पाइप रिकामा पडतो. त्याच चरात शेजारून गटार वाहत असतं. पाइपला चीर असली की रिकामा पाइप गटाराचं पाणी आत ओढून घेतो आणि पुढच्या पाळीला ते हंड्यात येतं. माणूस आजारी पडतो तो लगेच नाही, सरासरी पाच-सहा आठवड्यांनी. तोवर ती गळती कुणीतरी बुजवलेली असते, आणि 'आमच्या पाण्यात दोष नाही' असं सांगायला अधिकारी मोकळा असतो. रुग्ण तोवर गळ्यात काविळीची माळ घालून बसलेला असतो.

आता कुणी म्हणेल, नवी नदी आणली की हे थांबेल. कसं थांबेल? नदी नवी असली तरी चर तोच, गटार तेच, चीर तीच.

आमच्या वारणानगरात हा विषय निघाला की छाती पुढं येते. दानोळीकरांनी वारणा वाचवली, आपली वारणा! चांदोलीच्या रानातून येणारी! पण मंडळी, नकाशा जरा सरळ धरा. दानोळी खाली आहे, आपण वर आहोत. दानोळीकर ज्या पाण्यासाठी पोलिसांसमोर उभे राहिले, ते आपल्या पुलाखालून गेलेलं असतं. त्या पुलावरून निर्माल्याची पिशवी गाठ मारून टाकली जाते, प्लास्टिकसकट, आणि वर हातही जोडले जातात. नदीकाठच्या कुठल्याही गावात सांडपाण्याचा प्रकल्प कुठं आहे असं विचारा, एखादा शोषखड्डा दाखवतील. तो भरला की ओढा आहेच, आणि ओढा कुठं जातो ते म्हशीलाही ठाऊक आहे. 2016च्या नियमांनी घरच्या कचऱ्याचे तीन भाग करायला सांगितलं : ओला, सुका आणि घातक. आपल्याकडंही तीनच भाग आहेत : घरातला, दारातला आणि शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडचा.

हा भाग अडाणी असता तर मी गप्प बसलो असतो. पण हा तात्यासाहेब कोऱ्यांचा माळ आहे. इथं त्यांच्या पुढाकारानं सहकारातून साखर कारखाना झाला, दूध संघ झाला, बाजार झाला, पोरांचा वाद्यवृंद देशभर वाजला. 1998मध्ये सत्तर गावं संगणकानं जोडायचा प्रकल्प इथं सुरू झाला, तेव्हा पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत संगणक नव्हता. आणि दुधाचं बघा. वाडीवस्तीवरच्या एका म्हशीवाल्या बाईचं दोन लिटर दूध सकाळी आणि संध्याकाळी डेअरीत पोचतं. त्याची फॅट दशांश चिन्हापर्यंत काढली जाते, नावावर मांडली जाते, टेम्पो वेळेवर येतो, पाऊस असो की यात्रा. पाणी घातलेलं दूध तिथल्या तिथं पकडलं जातं. नदीत घातलेलं काही पकडलं जात नाही.

तेव्हा दारोदारचं दूध दोन वेळा गोळा करू शकणाऱ्या लोकांना दारोदारचा कचरा एक वेळ गोळा करता येत नाही, हे मी मानत नाही. अडचण एकच आहे, दुधाचं बिल दहा दिवसांनी हातात पडतं. कचऱ्याचंही बिल येतंच, फक्त ते दवाखान्यात भरावं लागतं आणि पावतीवर कचऱ्याचं नाव नसतं.

इचलकरंजीकर तहानलेले आहेत, हे खरंच आहे. शहर वाढलं, महानगरपालिका झाली, माणसं पोटासाठी आली. त्यांना स्वच्छ पाणी मिळायलाच हवं. पण पंचगंगा साफ करण्याची सक्ती न करता त्यांना दुसरी नदी देणं म्हणजे आणखी एक नदी बाद करणं. आणि वारणा नाकारण्याचा हक्क आपल्याला हवा असेल, तर ती सांभाळण्याचा हिशेबही आपल्यालाच द्यावा लागेल.

15 ऑगस्टला ग्रामसभा असते. रस्त्याचा विषय होईल, दिव्याचा होईल. तेव्हा उठून एवढंच विचारा : आपल्या गावाचं गटार शेवटी कुठं जातं? उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्या आणि त्याखाली सरपंचांची सही घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.